तो घसरला नव्हता

साहेब, तुम्हाला कल्याणच्या ख्रिस्ती कबरस्तानात पुरून बरीच वर्षं झाली, तरी तुमची आठवण आली की अजून किळस येते. आधी तसं नव्हतं. रेल्वेच्या कचेरीत मी तुमचा कारकून. तुम्ही वेल्स देशाकडून रग्बी खेळलेले, गुडघा मोडल्यावर इकडे नोकरीला आलेले आणि मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात सामन्यांच्या हकिकती लिहिणारे. तुमची वाक्यं मी पाठ करायचो.

त्या शनिवारी एका संघात माणूस कमी पडला, म्हणून तुम्हीच माझ्या मित्राला मैदानात उतरवलंत. तो आपल्याच कचेरीतला खलाशी, म्हणजे ओझी उचलणारा गडी, ठाण्याच्या खाडीवरचा. आधी मिठागरात मिठाच्या पाट्या वाहून खांदे दगडासारखे झालेले. तो लांबट चेंडू काखेत मारून तिघांना झुगारतो, रेषेपलीकडे अंग टाकतो, शिट्टी होते. आणि शिट्टी झाल्यावर एक गोरा इंजिनीअर येऊन पडलेल्या माणसाच्या गुडघ्यावर बूट घालतो. हाडाचा आवाज मी ऐकला. तुम्ही माझ्या शेजारीच उभे होता.

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या व्हरांड्यात तुम्ही अंडी खात मजकूर सांगत होता, मी उतरवून घेत होतो. "नेटिव्ह गडी घसरून जायबंदी झाला." तुमच्या मिशीला पिवळा बलक लागला होता.

"साहेब, तो घसरला नाही. त्याला लाथ मारली."

"लिही तू. त्या इंजिनीअरबरोबर मला रोज जेवायला बसायचंय."

"पण तुमचा गुडघासुद्धा..."

"असाच गेला. माझ्या वेळीही पत्रात 'घसरला' असंच आलं होतं." आणि तुम्ही हसलात.

मग तुम्ही त्याला वेल्सकडून खेळतानाची तुमची लाल बंडी पाठवलीत. मीच नेऊन दिली. त्याच्या बायकोने ती माझ्यादेखत फाडून पोतेऱ्याला घेतली. तो खाटेवरून म्हणाला, "पेपरात काय लिवलाय रं? मी घसरलो नाय, तू व्हतास ना तिथं?" मी म्हणालो, काहीच छापून आलं नाही. तो पुन्हा कधी ना कचेरीत कामाला उभा राहू शकला, ना मिठागरात.

आता ठाण्याच्या एका साप्ताहिकात मी कुस्त्यांच्या हकिकती लिहितो. हे पत्र कुठे टाकणार? टाकणारही नाही. पण एक सांगून टाकतो. ते वाक्य मी लिहिलं. आणि "अक्षर फार सुंदर आहे तुझं," असं तुम्ही म्हणालात तेव्हा, साहेब, मला बरं वाटलं होतं.