पावणेतीन फुटांवरची भिंत

मी, रंजीता चंपत नगराळे, वय बाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, राहणार आदिलाबाद, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना हे मृत्युपत्र लिहिते. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. रक्तदाब घेताना त्यांनी पट्टा सैल बांधला होता, हे मी त्यांना तिथेच सांगितले.

१. राहते घर आणि बँकेतील शिल्लक भाची उत्कर्षा हिला, म्हणजे माझा धाकटा भाऊ दादाजी याच्या मुलीला मिळावी.

२. माझा तराजू आणि वजनपेटी शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावी. पण वस्तू कपाटात मिरवणारे मुख्याध्यापक तिथे असतील, तर देऊ नये. वजने चिमट्यानेच उचलावीत.

३. माझ्या आणि शेजारच्या दादाजीच्या घरामधील भिंतीबाबत जरा सविस्तर लिहिते.

एकदा प्रयोगशाळेत माझी विद्यार्थिनी सपना एका कांडीची जाडी मोजत होती. ती म्हणाली, "पावणेतीन." लिहिणारी मुलगी तेलुगू घरची, तिने तीन आणि वर पाव असे समजून ३.२५ लिहिले. पाच वेळा मोजले, पाचही वेळा तेच. आकडे इतके जुळले की दोघी खूश होत्या. कांडी मात्र २.७५ सेंटीमीटरचीच होती. माप दरवेळी सारखे येणे निराळे आणि खरे येणे निराळे, हे मुलींना त्या दिवशी पटले.

खरेदीखताप्रमाणे भिंत दादाजीच्या घरापासून पावणेतीन फुटांवर हवी. बांधताना आकडा त्यानेच सांगितला. खुणा करणारा मिस्त्री तेलुगू बोलणारा होता. माझे अंगण अर्धा फूट कमी भरते. हा अर्धा फूट मला ओळखीचा वाटतो.

त्याच्या बाजूने मोजू दे, एवढेच मी म्हटले. तो म्हणाला, "ताई, तू मले चोर समजून राह्यली. तू जिती हायस तंवर माया आंगनात टेप लागनार नाई." तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. म्हणून हे काम माझ्या पश्चात. उत्तर मला कळणार नाही, याचे फार वाईट वाटते.

उत्कर्षाने टेप आधी माझ्या मीटरपट्टीशी ताडून पाहावी. टेपच्या टोकाची पत्री झिजलेली असते. आकडा एकेक अंक सुटा करून बोलावा. सव्वातीन फूट निघाले, तर भिंत एका शब्दाने सरकली, माझ्या भावाने नव्हे, हे त्याला मोठ्याने सांगावे. दुसरेच काही निघाले, तर त्याचे कारण मला सुचत नाही. कोणी काढूही नये. भिंत पाडायची नाही.

यापूर्वीची माझी सर्व लेखी व्यवस्था रद्द समजावी.

टेपचे शून्याकडचे टोक दादाजीनेच धरावे. त्याचा हात थरथरत असेल तर थांबावे, त्याला पाणी द्यावे. हात स्थिर झाल्याशिवाय माप वाचू नये. मला आता घाई नाही.

सही: रंजीता चंपत नगराळे
स्थळ: आदिलाबाद, ७ फेब्रुवारी २०२४

वरील सही आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत झाली.
साक्षीदार: १. पूनम विनय दुर्गे २. राजकुमार मेश्राम