डेलकाकांच्या काठ्या

अर्विंग, टेक्सास
१२ ऑक्टोबर २००७

प्रिय सुवर्णाआत्या,

आधी एक दुरुस्ती. ऑफिसातल्या ट्रॅव्हिसच्या वडिलांसाठी चालायच्या काठ्या शोधते आहे, असं मी गेल्या पत्रात लिहिलं होतं. त्या चालायच्या नाहीत, बंदूक टेकवायच्या आहेत. डेलकाका शिकारी आहेत. आणि ही चूक नव्हती, चक्क खोटं होतं. तू उलट टपाली कळवलंस, "शिसवी घे, मूठ वाकडी असू दे आणि टोकाला रबर हवंच, नाहीतर म्हातारा माणूस कंबर मोडून बसेल." तेव्हापासून मला जेवण गोड लागलेलं नाही. चौथीपर्यंत शाळेत न घालता तू मला घरी शिकवलंस. एक वेलांटी चुकली तरी अख्खं पान पुन्हा लिहायला लावायचीस. मग हे पान कसं सोडू? (रबर मात्र इथेही हवंच निघालं. खडकावर टोक वाजलं की जनावर पळतं.)

डेलकाका दर नोव्हेंबरात कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क मारायला जातात. एल्क म्हणजे सांबराचा थोरला भाऊ समज, घोड्याएवढा. उभ्यानं नेम धरला की हात हलतो, म्हणून घडीच्या काठ्या समोर रोवायच्या आणि वरच्या बेचक्यात बंदूक टेकवायची. दोन पायांच्या हलक्या, पण पुढे-मागे डुलतात. तीन पायांच्या ठाम, पण जड. शिवाय बसून, गुडघ्यावर आणि उभं राहून, तिन्ही उंचींना पुरायला हव्यात, उघडताना खटका वाजता कामा नये, घडी पाठपिशवीत मावायला हवी. मी एक्सेलमध्ये अकरा काठ्यांचा तक्ता केला. दुकानातल्या आजोबांनी विचारलं, "रायफल कुठली, मॅम?" मी घाबरून म्हणाले, "मी व्हेजिटेरियन आहे." ते शांतपणे म्हणाले, "एल्कही, मॅम."

पसंत पडल्या नाहीत तर परत घेतात, म्हणून पाच प्रकार घरी आणले. बेचक्यात मॉपचा दांडा टेकवून, गुडघ्यावर बसून, फ्रिजवरच्या मॅग्नेटवर नेम धरला. ते नेमकं शेजारच्या वीणाकाकूंनी खिडकीतून पाहिलं. साबुदाण्याची खिचडी घेऊन आल्या आणि हळूच म्हणाल्या, "अगं, ऑफिसात कुणी त्रास देतंय का? माझ्याशी बोल. असं काही मनात आणू नकोस."

पण दोन आठवडे ठरेना ते पायांच्या संख्येमुळे नाही. जीव घ्यायच्या कामात आपला हात लागतोय, हे आत टोचत होतं. शेवटी त्या दुकानातल्या आजोबांनाच विचारलं. ते म्हणाले, हात हलला तर जनावर वाचत नाही, जखम घेऊन दोन दिवस भटकतं. डेलकाकांचा डावा हात हल्ली कापतो. गेल्या वर्षी त्यांच्याकडून तसंच झालं. अंधार पडेपर्यंत ते रक्ताच्या मागावर फिरले, पण एल्क सापडला नाही. हे मला ट्रॅव्हिसनं भेंडी चिरता चिरता सांगितलं. हो, माझ्या स्वयंपाकघरात. लिहून गेलंय तर खोडत नाही. भेंडी आधी धुवून पुसून घ्यायची, हे त्याला आता येतं. काठ्या मी तीन पायांच्या घेतल्या.

आत्या, ट्रॅव्हिसनं मला ऑगस्टमध्येच विचारलं, तेही पार्किंगमध्ये, गुडघ्यावर बसून. मी म्हटलं, ऊठ, हे उलटं आहे. आमच्यात मुलीकडची मोठी माणसं मुलाच्या घरी जातात, वडिलांना विचारतात, रिकाम्या हातानं जात नाहीत. त्यानं विचारलं, "मग मुलीकडचं इथे कोण आहे?" कोण असणार? मला वाढवलंस तू, आणि तू बसलीस साताऱ्यात. म्हणून मुलीकडची म्हणून मीच जाणार आहे, काठ्या घेऊन. डेलकाका काय म्हणतील ठाऊक नाही, पण त्यांच्या आधी तुझा होकार हवा. तुला न सांगता गेले तर ते दुसरं खोटं होईल. पत्र पोचायला बारा दिवस लागतात, ते धरूनच दिवस ठरवला आहे. रागावलीस तरी फोन कर, पण मी जायच्या आधी कर. डेलकाका मंगळवारी, ३० तारखेला डोंगरात निघतात. मी त्यांच्या दारात जाणार आहे रविवारी, २८ ऑक्टोबरला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
रुचा