काठी कुठल्या हातात

प्रिय खारूताई,

पत्र बघून घाबरू नकोस, इथे सगळे धडधाकट आहेत, म्हणजे तुझे बाबा आहेत. फोन बाजूला ठेवून कागद घेतला, कारण फोनवर तू 'पाय कसा आहे' विचारलंस की माझ्या तोंडून 'छान' एवढंच निघतं, बाबा पलीकडून घसा खाकरतात आणि आपण भाजीच्या भावावर घसरतो. आयुष्यभर घरखर्चाची वही लिहिली, त्यामुळे जीभ खोटं बोलली तरी कागदावर माझा हात खोटं उतरवत नाही. तू आधी पाठीशी उशी घे, पाय वर घे आणि सावकाश वाच. एका दमात वाचलंस तर तुला धाप लागेल आणि मग तेही माझ्याच खात्यावर.

तुझी तारीख तीन आठवड्यांवर आली. मी रोज सकाळी देवासमोर बसते. हल्ली खुर्चीवर बसते, खाली बसलं तर उठता येत नाही. देव खाली आणि मी वर, याची पहिले काही दिवस फार लाज वाटली, मग बाबांनीच तसबीर उचलून वरच्या फळीवर ठेवली. म्हणाले, "घे, तुझ्या साहेबांना बढती दिली." मी दुसरं काही मागत नाही. तुझं सुखरूप होऊ दे, आणि मला तोवर चालतं कर, एवढंच. बाळाला घेऊन या खोलीतून त्या खोलीत जाता आलं पाहिजे. पहिले दोन महिने तुला रात्रीची झोप मिळायची तर कुणीतरी त्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालायला हव्यात. तुझ्या वेळी मी घातल्या. तू खाली ठेवलं की भोंगा सुरू करायचीस.

आता पहिली गोष्ट सांगते. मी जिन्यावरून घसरले नाही, ग. जिना निर्दोष आहे. मी बॅडमिंटन खेळत होते.

आपल्या इमारतीच्या तळमजल्यावरचा हॉल तुला आठवतो ना, जिथे जुन्या खुर्च्या रचून ठेवलेल्या असायच्या? गेल्या वर्षी तो मोकळा केला आणि नेट लावलं. दुपारी चार ते पाच बायकांची वेळ. खालच्या मजल्यावरची शिंपीण मला ओढून घेऊन गेली. तिला सगळ्या 'तोफ' म्हणतात, कारण ती मारते तेव्हा शटलची पिसं उडतात. मी नुसती बघायला गेले होते. मॅट्रिकनंतर मी पळलेच नव्हते. बस सुटत असली तरी पळत नाही, दुसरी येते. पण त्या दिवशी रॅकेट हातात आली आणि काय सांगू, हाताला शाळेतलं सगळं आठवत होतं. मला जोर नाही, पण जिथे टाकायचं तिथे टाकते. महिन्याभरात माझंही नाव पडलं, 'पोस्टमास्तरीण'. पत्ता चुकत नाही म्हणून. तोफ आणि पोस्टमास्तरीण, आमची जोडी शेजारच्या इमारतीतल्या बायकांनाही माहीत झाली होती. मी तुला कधी बोलले नाही. बाबांनाही पहिले दोन महिने 'खाली गप्पा मारून येते' एवढंच सांगितलं. इतकं सुख लपवायचं काय कारण होतं, मला आजही सांगता येत नाही. कुणी नाही म्हटलं असतं असंही नाही.

पडले तो सामन्याचा दिवस. सामना संध्याकाळचा, ती माझ्या दिवेलागणीच्या प्रार्थनेची वेळ होती, बावीस वर्षांत चुकली नव्हती. सकाळीच मी देवाला सांगून टाकलं, आज उशीर होईल. मागे मागे जात मी एक उंच शटल घेतलं आणि पाय खाली आला तो जमिनीवर नाही, तोफेच्या पावलावर. वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज झाला. मी मटकन बसले आणि सगळ्या हसल्या, मीही हसले, कारण मी गमतीनं बसले असंच सगळ्यांना वाटलं. मग मी माझ्या बुटाकडे पाहिलं. गुडघा समोर होता आणि बूट खिडकीकडे बघत होता. शटल रेषेच्या आत पडलं होतं, तो पॉइंट आम्हालाच मिळाला, असं तोफ मला दवाखान्यात नेताना रडत रडत सांगत होती. प्रार्थना चुकवली म्हणून हे झालं असं शेजारच्या आजी म्हणाल्या. देव इतक्या बारीकसारीक नोंदी ठेवत असेल असं मला वाटत नाही. पण मी ठेवते, त्यामुळे ते वाक्य काही केल्या मनातून जात नाही.

जिन्याची थाप माझीच. होणारी आजी उड्या मारताना घोटा मोडून बसली, हे तुझ्या सासरी पोचू नये एवढ्यासाठी. विहीणबाई काही बोलल्या नसत्या. त्या नुसतं 'हो का' म्हणतात. त्यांचं ते 'हो का' माझ्या जिव्हारी लागतं.

पुढचं तुला माहीत आहे, पट्टी, स्क्रू, सहा आठवडे प्लास्टर. माहीत नाही ते असं, की प्लास्टर कापलं तेव्हा आतून जो पाय निघाला तो माझा नव्हता. पोटरी तू दहा वर्षांची असतानाच्या तुझ्या पोटरीएवढी, कातडी सुटलेली, बोटं एकमेकांना चिकटलेली. डॉक्टर म्हणाले, हाड जुळलंय, आता टेका. मी पायाला सांगितलं, टेक. त्यानं ऐकून घेतलं आणि टेकला नाही. मूल दारात उभं राहून शाळेत जायचं नाही म्हणतं ना, तसं. टाच आधी, मग तळवा, मग बोटं, हे मला एका मुलीनं शिकवलं, जी तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे. चालायला शिकवतात हो! आपण आयुष्यभर चाललो ते कुणाला विचारून? पण खरंच काही येत नव्हतं. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत चौदा पावलं आहेत, बाबांनी मोजून सांगितली, आणि त्या चौदा पावलांना वॉकर धरून मला घाम फुटायचा.

तू फिजिओथेरपीच्या दहा वेळांची व्यवस्था केली होतीस. मी तीन वेळा गेले. दोन बस, मग तासभर बाकावर वाट बघणं, बाबांच्या हातात माझी पिशवी, माझा वॉकर, माझी बाटली. येताना ते इतके दमलेले असायचे की न जेवताच झोपायचे. तिसऱ्या वेळी त्या मुलीनं व्यायामांचा चित्रांचा कागद दिला आणि म्हणाली, "काकू, काठी पुढच्या वेळी शिकवते, तोवर वॉकरच." मी घरी येऊन कागद पाहिला. काठीचं चित्र होतंच की शेवटी. म्हटलं, मॅट्रिक पास बाईला चित्र कळत नाही का? बाबांनी माळ्यावरून आजोबांची काठी काढून पुसून दिली. चित्रातल्या बाईच्या डाव्या हातात काठी होती. मी विचार केला, हिचा डावा पाय मोडलेला असणार. माझा उजवा, म्हणून मी काठी उजव्या हातात घेतली. बाबा एकदा म्हणाले, "अगं, चित्रात डावीकडे दिसतेय." मी म्हटलं, "तुम्ही पाण्याचे मीटर वाचायचे, इथे कशाला?" ते गप्प बसले. नोकरीत असताना साहेबांसमोर बसायचे तसे.

सात आठवडे, खारूताई. रोज सकाळ-संध्याकाळ, एकही दिवस न चुकवता. तुला सांगायचे, आज वीस पावलं, आज चाळीस, आज गॅलरीपर्यंत. ती पावलं खरी होती, पण चालणं नव्हतं ते. दुखऱ्या पायाच्याच बाजूला काठी, म्हणून सगळं अंग त्याच बाजूला कलायचं आणि पाय बाहेर फेकला जायचा. टाच टेकायचीच नाही. मला वाटायचं, असंच असतं, हळूहळू सरळ होईल. मग कंबर धरली. मागच्या सोमवारी बाबा मला जवळजवळ दटावून त्या मुलीकडे घेऊन गेले. तिनं मला दारातून आत येताना पाहिलं आणि हातातला पट्टा खाली ठेवला. "काठी दुसऱ्या हातात घ्या," एवढंच म्हणाली. घेतली. एक पाऊल टाकलं आणि कळलं. अंग आपोआप मधोमध आलं. एका पावलात कळलं गं, सात आठवड्यांची मेहनत उलटी होती ते. काठी चांगल्या पायाच्या बाजूला धरायची असते, चित्रातल्या बाईचा माझ्यासारखा उजवाच पाय गेला होता. ती मुलगी चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "काकू, वर्गात न येता पेपर लिहिलात तुम्ही. आता आधी चुकीचं विसरायचं, मग बरोबर शिकायचं. दोन्हीला वेळ लागतो." मी विचारलं, तीन आठवडे पुरतील? तिनं माझा घोटा हातात घेऊन फिरवून पाहिला. म्हणाली, काठीशिवाय म्हणाल तर तीन महिने धरा, जास्तही लागतील. बाबांनी बसमध्ये एकदाही 'मी म्हटलं होतं' असं म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

तू परवा म्हणालीस, कॅमेरा लाव आणि चालून दाखव. मी फोनची बॅटरी संपली म्हणून सांगितलं. बॅटरी भरलेली होती.

तीन महिने म्हटलं तरी माझा विश्वास बसेना. वाटलं, त्या मुलीला काय कळतंय, ती काही कुणाची आजी होणार नाहीये. काठी धरायची तर एक हात जातो, आणि बाळाला दोन हात लागतात. तेव्हा काठीशिवाय चालून बघायचं ठरवलं. बुधवारी दुपारी बाबा पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. तुझे डॉक्टर म्हणाले होते ना, बाळ तीन किलोंचं भरेल. पिठाची तीन किलोंची पिशवी होती, ती मी जुन्या मऊ चादरीत बाळासारखी गुंडाळली, डोक्याकडून जरा उंच केली आणि खांद्याशी धरली. देवाचं नाव घेतलं. पलंगापासून खिडकीपर्यंत नीट गेले. खरंच नीट. कलले नाही, घाई केली नाही, आणि खिडकीशी पोचले तेव्हा मी त्या पिशवीशी बोलतसुद्धा होते, तुला सांगायला हरकत नाही. मग वळले. वळताना घोटा वळत नाही, पूर्ण अंगच वळवावं लागतं, हे मला ठाऊक होतं, पण बोलण्याच्या नादात मी नेहमीच्या सवयीनं वळले. तोल गेला.

मी पडले नाही. मी भिंत धरली. दोन्ही हातांनी धरली.

बाबा आवाज ऐकून आले. पांढरं पीठ सगळ्या खोलीभर, पलंगाखाली, माझ्या पायावर, आणि ती चादर मधोमध. ते आधी माझ्याकडे आले, मग त्यांनी चादरीकडे पाहिलं, तिच्या त्या गुंडाळीकडे पाहिलं, आणि त्यांना कळलं मी काय करत होते ते. मला बसवून त्यांनी केरसुणी आणली. तुला माहीत आहे मी सांडलेला तांदळाचा दाणा वेचणारी बाई. वरवरचं पीठ चाळून घेता आलं असतं. मी घेतलं नाही. सगळं टाकायला लावलं. मी स्वतःला हजार वेळा सांगितलं की खरं बाळ असतं तर मी सोडलं नसतं, आईचे हात सोडत नाहीत. पण मी बघितलंय. मी सोडलं. ठरवून नाही, हात आपसूक गेले, आणि आपसूक जातात म्हणूनच मला भीती वाटते. त्यानंतर तीन दिवस मी देवाकडे काहीच मागितलेलं नाही. नुसती बसते आणि उठते.

तेव्हा आता ऐक. विहीणबाईंनी मागेच विचारलं होतं, मी येऊ का, आणि तू त्यांना म्हणालीस, माझी आई येतेय. हे तू मला सांगितलंस तेव्हा माझा मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हाइतका आनंद मला झाला होता, खोटं कशाला बोलू. आज त्यांना फोन कर. हे पत्र खाली ठेव आणि आधी फोन कर, उद्या नको. माझ्या पायाचं, बॅडमिंटनचं, काठीचं, सगळं सांग त्यांना; पिठाचं मात्र सांगू नकोस, तेवढं आपल्या दोघींत राहू दे. त्यांचं 'हो का' मी इथे बसून ऐकून घेईन. त्यांनी तीन मुलं वाढवली आहेत, त्यांचे गुडघे शाबूत आहेत आणि त्या पहाटे उठतात. बाळाला कसं धरायचं यावरून त्यांच्याशी वाद घालू नकोस, ज्याच्या हातात बाळ त्याचं खरं. तुझ्या मनात येईल की आई बसून तरी राहील, नुसती ये. नको. मी तिथे असले तर रात्री रडण्याचा आवाज आला की मी उठेन, काठी विसरून उठेन, मला माहीत आहे. चालता आलं की येईन, तेव्हा बाळ मान धरायला लागलं असेल, मग पुढचं आम्ही दोघं बरोबरच शिकू. तोवर एक कर. झाल्याबरोबर फोन लाव आणि तो तुझ्या कानाशी धरू नकोस, बाळाच्या तोंडाशी धर. रडत असलं तरी चालेल, थांबवू नकोस. मी बसलेलीच असेन.

तुझीच,
आई