हळू बोललं तरी, स्पष्ट बोललं तरी

नानाखेडा, मंगळवार संध्याकाळ

दिवाळीआधी हेडसर म्हणाले होते, "मॅडम, तुमचा आवाज मागच्या बाकापर्यंत जात नाही. तुमच्या समाजातल्या मुली दबूनच राहतात." म्हणून आज मीटिंगमध्ये स्पष्ट बोलले. विज्ञान प्रदर्शनातून आमच्या वस्तीतल्या दोन मुलींची नावं का काढली, एवढंच विचारलं. आवाज चढवला नव्हता. नव्हताच!

शेजारच्या जोशी मॅडम हसल्या, "अरे बाप रे, तेवर तो देखो! केवढा हा तोरा!" आणि तेच हेडसर म्हणतात, "तुमच्या समाजातल्या बायका भांडखोरच. उद्या सगळ्यांसमोर माफी मागा, मग नोकरी पक्की करायचं बघू."

त्याच मीटिंगमध्ये कुलकर्णी सर तर टेबलावर हात आपटून बोलले. ते मात्र तळमळीचे शिक्षक! मग मी कोणत्या आवाजात बोलायचं?

बाबा म्हणाले, "माग ना बेटा, दोन शब्दांनी काय बिघडतं?" त्यांची स्वतःची नोकरी जन्मात पक्की झाली नाही. माझी होणार म्हणून पेढे आणून ठेवलेत त्यांनी.

पण माफी मागून त्या दोघींच्या वर्गात कोणत्या तोंडाने उभी राहू? नाही मागणार, बाबा.