शिवलेला खिसा

शनिवार, संध्याकाळ

उद्या पहाटे गंगापूर धरणावर गळ टाकायला जायचं. कपडे ठरवायला डिकीतली पिशवी काढली. घरात ठेवायची सोय नाही. आमचं भिक्षुकी करणारं घर, अंडंसुद्धा चालत नाही. मी रविवारी नुसता फिरायला जातो, असं आईला सांगितलंय.

जीन्स नको, भिजली की वाळत नाही. खाकी पँटच बरी. पण तिचा खिसा गळ अडकून फाटला होता ना? बघतो तर शिवलेला. बारीक टाके, आईचेच!

जेवताना ती एवढंच म्हणाली, "पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. पाण्याजवळ डास असतात."

आत्ता पुन्हा खिसा चाचपला. आत माझा गळ आहे. बोटाला टोचू नये म्हणून तिने टोकाला बूच लावलंय.