घरपोच रेकॉर्डी

९ नोव्हेंबर
आप्पांना आज रामआळीत मोटारसायकलचा धक्का लागला. रेकॉर्डच्या दुकानाच्या पायरीपाशीच. कोपर खरचटलं, बाकी देवाची कृपा. दुकानवाले दिलावरभाई स्वतः रिक्षातून घरी घेऊन आले. त्यांच्यादेखत मी आप्पांना नको नको ते बोलले. "एकोणऐंशीचे झालात, रोज उठून त्या दुकानात कसलं जायचं?" दिलावरभाईच म्हणाले, "बाय, बोलू नको त्यांना. चूक गाडीवाल्याची होती." चहा न घेताच गेले.

११ नोव्हेंबर
निखिलला ठाण्याला फोन. म्हणाला, आई, सोपं आहे. रेकॉर्डींचा क्लब असतो. महिन्याला दोन घरी येतात, निवड क्लबवाल्यांचीच. वर्षभराचं करून टाकतो. मला सुचलंच नव्हतं. मी दिवसभर शाळेत, घरात आप्पा एकटे. निदान रस्त्याची काळजी मिटेल.
आप्पांना सांगितलं. "बरं," म्हणाले. आप्पांचं कुठलं "बरं" खरं, ते फक्त आईला कळायचं.

२६ नोव्हेंबर
पहिलं पार्सल. जाड पुठ्ठा, आत करकरीत रेकॉर्ड. आप्पांनी कव्हर उलटसुलट करून बघितलं.
"कोणी निवडलान ही?"
"क्लबवाल्यांनी."
"त्यांना काय म्हायत मला काय आवडतं?"
तरी लावली. दिलावरभाईंकडून आणायचे त्या जुन्या रेकॉर्डींच्या कव्हरांना चिकटपट्ट्या, मध्येच खरखर. ही कशी स्वच्छ वाजली! एक बाजू संपली, आप्पांनी सुई उचलली. दुसरी उद्या, म्हणाले.

१४ डिसेंबर
सकाळी चहा घेताना, "जरा दिलावरकडे जाऊन येऊ?"
"कुठली रेकॉर्ड हवीय? सांगा, मी मागवते."
"हवी अशी कुठची नाय."
"मग कशाला जायचं?"
आप्पा पेपर उघडून बसले. ती दुसरी बाजू अजून तशीच.

२ जानेवारी
मिरकरवाड्यात मासळी घेताना दिलावरभाई भेटले. "तांडेल दिसत नाहीत. बरे हायत ना?" आप्पांनी बोटीवरची तांडेलकी सोडली त्याला किती वर्षं झाली, दिलावरभाईंच्या तोंडी अजून तांडेलच.
मी म्हटलं, छान आहेत, आता रेकॉर्डी घरपोच येतात. वर हेही म्हटलं की नव्याकोऱ्या, एक ओरखडा नाही. कशाला म्हटलं? काही गरज होती?
हातातला बांगडा खाली ठेवत म्हणाले, "बरं झालं. सोय झाली." बांगडे न घेताच पुढे गेले.
आप्पांना सांगितलं नाही.

२० जानेवारी
आलेली पार्सलं खाटेखाली. शेवटची तर फोडलीसुद्धा नाहीत. आप्पा दुपारी झोपतात, संध्याकाळीही झोपतात. दाढी वाढलेली. दुकानात जायचे तेव्हा रोज गुळगुळीत घोटून, केसांना तेल लावून... डॉक्टर म्हणतात बी.पी. ठीक, सगळं ठीक. निखिल म्हणतो, क्लब बदलू, नाट्यसंगीताचा घेऊ.

२५ जानेवारी, रविवार
आज विचारलंच. "आप्पा, रेकॉर्डी का नाही ऐकत?"
"अगो, रेकॉर्ड घ्यायला म्हणून मी जात नव्हतो. घ्यायचो कितीशा? तिथं मी बोलतो ही लाव, पोस्टातले साळवी बोलतात ती लाव. दिलावर भलतीच लावतो. मग भांडण, मग चहा. हितं कोणाशी भांडू? त्या पुठ्ठ्याशी?"
मी स्वयंपाकघरात गेले. जरा वेळाने बाहेर येऊन म्हटलं, पुढच्या रविवारी मी स्वतः नेते. आज पेपर तपासायचे आहेत.
"बरं," म्हणाले. हे खरं असावं.

१ फेब्रुवारी
रिक्षाने गेलो. पुढे मोबाइलची कव्हरं, चार्जर, ते पूर्वीपासूनचंच. मागचं रेकॉर्डींचं कपाट रिकामं.
दिलावरभाई म्हणाले, "बुधवारी मुंबईचा एक जण आला, सगळा माल घेऊन गेला."
"सगळा?" आप्पा.
"सगळा. तुमी यायचे म्हणून बाकीचे यायचे, तांडेल. तुमी बंद, ते बंद. मी एकटा कोणासाठी लावू?"
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.
दोघांनी चहा घेतला. दर्यावरचं, पावलांच्या दुखण्याचं बोलले. गाण्याचं अक्षर नाही. परतताना रिक्षात आप्पा म्हणाले, "तुला काय म्हायत होतं गो." रागावले असते तर सोसलं असतं.
बुधवारी. म्हणजे गेल्या रविवारी कपाट भरलेलं होतं. पेपर काय, रात्री जागून झाले नसते?

५ फेब्रुवारी
क्लब मध्येच बंद होत नाही, निखिल म्हणतो. आज पुन्हा पार्सल. आप्पांनीच खाटेखाली सरकवलं.
धीर करून दिलावरभाईंना फोन केला. आमच्याकडे या, साळवींनाही आणा. नव्या रेकॉर्डी पडून आहेत.
त्यांनी विचारलं, "नव्या म्हंजे कसल्या?"
"तुम्हीच बघा. आप्पांना पसंत नाहीत."
हसले बहुतेक. "उद्या नमाज झाल्यावर बघतो. नक्की नाय सांगत."
आतून आप्पांनी विचारलं, "फोन कोणाचा?"
"शाळेतला," म्हटलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
शाळेत रजा टाकली. पोहे भिजवायचे आहेत, किती जणांचे ते कळत नाही. आप्पांना अजून सांगितलेलं नाही. दिलावरभाई आले नाहीत तर आप्पांना वाट बघत बसायला नको, असं मनाशी. पण मग ह्याही खेपेला त्यांच्या वतीने मीच ठरवतेय.
आप्पा आंघोळ करून आलेत. पडवीत बसलेत.
सांगावं का—