जमीन मऊ होईपर्यंत

१७ फेब्रुवारी

तक्रार नोंदवून ठेवतो. शास्त्रात अन्न चार प्रकारचं सांगितलंय – भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. आमच्या फ्रिजमध्ये सध्या पाचवा प्रकार आहे. हिरवी, थरथरणारी जेली. आणि तिच्यात किसलेलं गाजर! चर्चमधल्या बायका सांत्वन म्हणून आणून देतात. एक भांडं संपवून धुऊन ठेवावं, तर दुसरं दारात हजर. मिनेसोटात दुःखालाही गाजर घालतात.

सासूबाई – बोर्गहिल्ड, वय शहाऐंशी, मुक्काम आमच्याकडेच – रोज वाटीभर पुढे ठेवतात. "खा, विश. जिवंत माणसाला खावं लागतं."

खातो. चव लागत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

सिग्रिडला, माझ्या बायकोला, जाऊन आठवडा झाला. प्रार्थना झाली, भाषणं झाली, हॅमचे सँडविच झाले. पुरणं तेवढं राहिलंय. जमीन दगडासारखी गोठलेली. कबरस्तानाच्या कडेला एक खोली आहे, तिथे पेटी ठेवलीय. हिवाळ्यात गेलेले सगळे तिथेच थांबतात. जमीन मऊ झाली की मग.

१८ फेब्रुवारी

उणे एकतीस. मला जाणवलं नाही. सगळे म्हणाले म्हणून लिहिलं.

२६ फेब्रुवारी

दगड कोरणारा ड्वेन येऊन गेला. इथे नवराबायकोचा दगड एकच. मागे राहिलेल्याचंही नाव आताच कोरून टाकतात – जन्मसाल, पुढे रेघ, पुढे कोरं.

"एकदम केलं की अक्षरं सारखी येतात," ड्वेन म्हणाला.

म्हटलं, कोरा. आपल्याच दगडावरची शुद्धलेखनाची चूक जिवंतपणी दुरुस्त करता येते, हे भाग्य थोडकं नाही! ड्वेन हसला नाही. इथे असल्या गोष्टीला मान हलवतात.

तो गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "खाली शेजारी झोपशील रे. पण वर? वर तू कुठे असणार?"

"तुमच्याच टेबलावर. जेली खात."

"चेष्टा पुरे. तुझा बाप्तिस्मा झालेला नाही."

बावीस वर्षांत हा विषय पहिल्यांदा निघाला. मी खिडकीतून बर्फ बघत बसलो.

५ मार्च

चर्चच्या पाळकबाई हाउगन आल्या. सासूबाईंना कंबरेमुळे चर्चमध्ये जाववत नाही, म्हणून महिन्यातून एकदा प्रभुभोजन घरीच होतं. बाईंनी डबी उघडली, भाकर काढली. सासूबाईंनी हात पुढे केलाच नाही.

"आधी सांग. हा तारला जाणार की नाही?"

बाई माझ्याकडे बघतात, मी कॉफीकडे.

"ख्रिस्तावाचून तारण नाही, असं आपण म्हणतो," बाई सावकाश म्हणाल्या. "पण ख्रिस्त कोणाकोणाला तारतो, हे ठरवायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही. मी आशा करते, बोर्गहिल्ड."

"आशा मीही करते. तू शिकलेली आहेस. हो की नाही, ते सांग."

"नाही सांगता येत."

"मग ने ती भाकर परत. घरातला माणूस दारात उभा, आणि मी जेवायला बसू?"

कॉफी मात्र दोघींनी तीन-तीन कप घेतली. कॉफीच्या आड इथे तत्त्व येत नाही.

१९ मार्च

सोफ्यावर डोळा लागला होता. कपाळावर गार पाण्याने जाग आली. समोर सासूबाई, एका हातात काठी, दुसऱ्या हातात कुंड्यांना पाणी घालायची झारी. ओठ हलत होते.

"काय करताय?"

"झाडाला पाणी."

"झाड पलीकडे आहे."

"उठलास कशाला? पिता झाला, पुत्र झाला, 'पवित्र आत्मा' राहिला!"

नड पडली तर कोणाही विश्वासणाऱ्याला बाप्तिस्मा देता येतो, असा त्यांच्यात नियम आहे. ही नड, असं त्यांनी ठरवलं. लगेच पाळकबाईंना फोन. झोपलेल्या मोठ्या माणसाला असा देता येत नाही, असं पलीकडून उत्तर आलं असावं, कारण सासूबाई ओरडल्या, "तान्ही पोरं काय जागी असतात?"

हसायला हवं होतं. टॉवेल घेतला, तोंड पुसलं.

२ एप्रिल

दुसऱ्यांदाही भाकर परत गेली. सत्तर वर्षांत चुकलं नव्हतं त्यांचं. आता रात्री झोपही नाही त्यांना.

मीच पाळकबाईंकडे गेलो. म्हटलं, करून टाका. एक म्हातारी जेवेल.

"तुमचा विश्वास आहे?"

"नाही. पण पाठांतर उत्तम आहे."

"विश, विश्वास नसताना मी तुमच्या डोक्यावर पाणी ओतलं, तर त्याला अंघोळ म्हणतात."

खरं बोलली बाई. राग यायला हवा होता, तोही आला नाही.

घरी सासूबाईंची समजूत घालायला म्हणून आमच्याकडचा मोक्ष सांगितला. थेंब सागरात मिळतो, मी-तू उरत नाही वगैरे.

"म्हणजे सिग्रिड भेटली तरी ओळखणार नाहीस?"

"भेटायला कोणी वेगळं उरतच नाही."

"मग चुलीत घाल तो मोक्ष."

वेदान्तावरचं इतकं नेमकं भाष्य वाचनात नाही.

२१ एप्रिल

छपरावरून पाणी ठिबकतंय.

९ मे

आज पुरलं. काळी माती, कडेला अजून बर्फाचा पट्टा. मी मूठभर टाकली. सासूबाईंना वाकवेना; त्यांची मूठही मीच टाकली.

परतताना गाडीत त्या अचानक म्हणाल्या, "मी तिचा शब्द मोडला, विश. शेवटच्या आठवड्यात तिने बजावलं होतं. 'आई, त्याला यातलं काही विचारायचं नाही. तो आहे तसा राहू दे.'"

"माझ्यावर प्रेम होतं तिचं."

"होतं की. बोलताना रडत होती."



१० मे

दार कोणासाठी उघडं आहे, कोणासाठी बंद – मला त्याच्याशी देणंघेणं नाही. मी तिथे कधी येणार नाही असं धरून चालूनच ती रडत गेली की काय, एवढीच काळजी आहे.